डिजिटल संग्रह उभारताना आणि वापरताना या चुका टाळा

जुनी कागदपत्रे स्कॅन करून संकेतस्थळावर चढवली की काम संपले, असा समज ग्रंथालयांत अजूनही आहे. नंतर वाचक तक्रारी करतात: शोधून काही सापडत नाही, तारीख कळत नाही, आकडा नीट दिसत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ स्कॅनिंग करतानाच घेतलेल्या निर्णयांत असते.

फक्त मजकुराची पाने स्कॅन करणे

पाकीट, पोस्टाचा शिक्का, मागची कोरी बाजू, पानांत अडकलेली चिठोरी 'अनावश्यक' म्हणून गाळली जातात. पण पत्रावर तारीख नसेल, तर ती अनेकदा शिक्क्यावरूनच कळते. म्हणून सगळे स्कॅन करा. पुडक्यातला मूळ क्रमही मोडू नका. कोणती पावती कोणत्या पत्राला जोडलेली होती, हादेखील पुरावाच असतो.

जागा वाचवण्यासाठी फाइल दाबणे

२०१३ मध्ये डाव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, काही स्कॅनर-कॉपिअर यंत्रे कॉम्प्रेशन करताना, म्हणजे फाइलचा आकार कमी करताना, ६ च्या जागी ८ छापत होती. पान स्वच्छ दिसत होते आणि आकडा चुकीचा होता. अंधुक पानावर निदान शंका तरी येते, इथे तीही येत नाही. म्हणून मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा तपशील न गमावता जपता येणारा फाइल-प्रकार), साधारण ३०० ते ४०० पीपीआयवर (दर इंचातले चित्रबिंदू) जपा आणि वाचकांसाठी वेगळी हलकी प्रत काढा.

'शोधले, नाही सापडले, म्हणजे नाहीच'

वापरणाऱ्यांची ही सर्वांत महागात पडणारी चूक. आपण शोधतो ते पानावर नव्हे, ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकप्रणालीने) त्या पानावरून ओळखलेल्या मजकुरावर. फिकट छपाईत यंत्र 'घ'ला 'ध' समजते, 'ष'ला 'प', आणि 'ख'चे सरळ 'रव' करते. हस्तलिखितांचा तर बहुधा शोधण्याजोगा मजकूरच तयार केलेला नसतो. शोध रिकामा आला, तर नावाची जुनी वळणे वापरून पाहा, नावाचा अर्धाच भाग टाका, जवळचे ठिकाण किंवा हुद्दा शोधा. तरीही जमले नाही, तर त्या वर्षाचे वृत्तपत्राचे किंवा मासिकाचे अंक एकेक पान उलटून पाहा. वेळ जातो, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही. ग्रंथालयानेही कोणत्या पानांचे ओसीआर झालेले नाही, हे ठळकपणे लिहावे. गाळलेल्या किंवा गहाळ अंकांची यादी द्यावी. अशी यादी नसेल, तर वाचक संग्रहातल्या पोकळीलाच इतिहास समजून बसतो.

नोंदी नंतर करू म्हणणे

'स्कॅन००१', 'नवीन फायनल' अशा नावांच्या फायली वर्षभराने कुणालाच ओळखता येत नाहीत. डब्लिन कोअर या नोंदी करण्याच्या प्रमाणित पद्धतीत १५ मूलभूत घटक आहेत. सगळे भरणे जमत नसेल, तर शीर्षक, कर्ता, तारीख, मूळ कुठले आणि हक्क कुणाचे एवढे तरी त्याच दिवशी भरा. तारीख अंदाजे असेल तर 'अंदाजे' असे लिहा.

एकाच हार्ड डिस्कवर विसंबणे

ब्रिटनमधल्या लोकजीवनाची नोंद करणारा बीबीसीचा १९८६ चा डूम्सडे प्रकल्प लेझर डिस्कवर होता. पंधराएक वर्षांत ती वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली आणि तो वाचवायला खास प्रयत्न करावे लागले. ज्याच्या नावावरून तो बेतला होता, त्या इंग्लंडमधल्या १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदवह्या आजही वाचता येतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून ठेवा आणि ठरावीक काळाने पडताळा. फाइल गुपचूप बिघडली असेल, तर ते असेच कळते.

फक्त लिंक देऊन मोकळे होणे

संकेतस्थळ बदलले की लिंक मरते. संदर्भात संग्रहाचे नाव, पुडक्याचा किंवा पेटीचा क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. संकेतस्थळ बदलले तरी न बदलणारा स्थायी ओळख क्रमांक असेल तर तोही द्या.