संदेशाची पारख करताना या चुका टाळा

विदर्भातील खेड्यांत पुष्कळदा एकाच पाळकाकडे (ख्रिस्ती धर्मसेवकाकडे) अनेक गावांच्या मंडळ्या, म्हणजे उपासकांचे समुदाय, असतात. त्यामुळे उपवास-प्रार्थनेला बाहेरून आलेल्या सेवकाने "प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवले आहे" असे म्हटले, की त्याची शहानिशा करायला जवळ कोणी नसते. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते: बोलणाऱ्याचा आवेश, त्याचे अश्रू किंवा त्याने अचूक सांगितलेली एखादी घरची गोष्ट हीच देववाणीची खूण मानली जाते. बायबलमधील 1 राजे 13 मध्ये यहूदाहून बेथेलास आलेल्या देवाच्या माणसाला तेथे अन्नपाणी घेऊ नये अशी स्पष्ट आज्ञा होती. तरी एका वृद्ध संदेष्ट्याने (देवाचा संदेश सांगणाऱ्याने) देवदूताचे नाव घेऊन लबाडी केली, तेव्हा देवाचा माणूस त्याच्या घरी जेवला आणि वाटेत सिंहाने त्याला ठार केले. फसवणारा वयाने वडील होता आणि स्वतः संदेष्टाच होता, हे आपण फार घाईने वाचून पुढे जातो. म्हणून नवा संदेश आधीच्या वचनाशी ताडून पाहावा आणि 1 करिंथ 14:29 प्रमाणे इतरांसमोर ठेवावा. "कोणाला सांगू नका" अशी अट असेल, तर तो तिथेच नाकारावा.

देवाकडे चिन्ह मागताना गिदोनाच्या लोकरीचा दाखला दिला जातो; इस्राएलाचा पुढारी गिदोन याने लोकरीवर दव पडण्याचे चिन्ह देवाकडे मागितले होते. परंतु शास्ते 6 मध्ये आज्ञा व अभिवचन त्याला आधीच मिळाले होते. मृगाची पहिली सर हे चिन्ह समजून कपाशी लावू नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हा कृषी विभागाचा सल्ला मानणे म्हणजे अविश्वास नव्हे.

क्षयरोगाच्या रुग्णाला गोळ्या सोडायला सांगणाऱ्या संदेशावर तर चर्चाही नको. उपचार अर्धवट सुटला की औषधे निकामी ठरू लागतात, आणि प्रेषित पौल लूकला प्रिय वैद्यच म्हणतो (कलस्सै 4:14).

याउलट, एकदा फसलेली माणसे पुढे सगळ्याच गोष्टींवर संशय घेतात. 1 थेस्सल 5:20-21 मात्र संदेश तुच्छ मानू नका आणि पारखही करा, असे एका दमात सांगते. त्यासाठी संदेश तारखेसह वहीत लिहावा आणि मुदत उलटल्यावर पाळकांसमोर वाचावा. न घडलेले भाकीत देवाचे नाही, ही अनुवाद 18:22 ची कसोटी आहे. परंतु ते खरे ठरले तरी बोलणारा देवापासून दूर नेत असेल, तर अनुवाद 13:1-3 नुसार त्याचे ऐकू नये.