दिवाणातले बोर्ड गेम कसे निवडावे: आवडते कोणते, फसलेले कोणते

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, दुपारी 12 ते 5 बाहेर पाय ठेवायची सोय नसते, घर पाहुण्यांनी आणि पोराईनं भरलेलं असतं. मग दिवाण उघडायचा. त्यात 22 गेम आहेत आणि खेळले जातात पाच-सहाच. बाकीचे का पडून राहतात हे मी कित्येक वर्षं नीट बघितलंच नव्हतं. आता दर मेमध्ये सगळ्यांना सतरंजीवर बसवून हिशोब करतो आम्ही, कोणता आवडता, कोणता फसला, आणि फसला तर कशामुळं. या "कशामुळं" वरच सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण आमच्या फसलेल्यांपैकी निम्मे गेम मुळात चांगलेच निघाले.

पहिलं काम, सगळे डबे रिकामे करा आणि सोंगट्या मोजा. कॅरमच्या 9 काळ्या, 9 पांढऱ्या, एक राणी. अझूल या टाइल्स मांडायच्या गेमच्या 5 रंगांच्या प्रत्येकी 20, म्हणजे 100 टाइल्स. सामान अपुरं असलं की गेम रटाळ वाटतो आणि नाव गेमचं खराब होतं. सापसीडीचा फासा हरवला म्हणून ती दोन वर्षं पडून होती आमची.

मग प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लावा. वर्षभरात किती वेळा निघाला, किती जण होते, खरंच किती वेळ लागला. डब्यावर छापलेली वेळ धरू नका, आपल्या घरात मधात चहा होतो, कोणी भेटायला येतं, लाइट जाते.

आता विचारणं. "आवडला का?" असं विचारूच नका, आमची आई सगळ्याला "बरा हाय" म्हणते आणि पोरं आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतात. विचारायचं असं, "आज रात्री जेवण झाल्यावर पुन्हा काढू का?" लगेच हो आलं तर आवडता. "पाहू मग" आलं तर समजून जा. आणि लहानांना आधी बोलू द्या, मोठे एकदा बोलले की ते नुसती मान हलवतात.

फसलेल्यांचं कारण शोधताना घाई करू नका. कॅटनचं सांगतो. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसानं बनवलेला 1995 चा गेम, 19 षटकोनी तुकड्यांचं बेट, लाकूड-विटा-मेंढ्या-गहू-खनिज असा पाच प्रकारचा माल, आधी 10 गुण करेल तो जिंकला. तुकड्यांवर आकडे असतात, दोन फाशांची बेरीज तेवढी आली की त्या तुकड्याला लागून ज्याची वस्ती त्याला माल मिळतो. आमच्या मोठेबाबांनी पहिल्याच डावात दोन्ही वस्त्या 2 आणि 12 आकड्यांच्या बाजूला टाकल्या, का तर "तिकडं मोकळं हाय, वाढाले जागा भेटते". शेतकऱ्याचा विचार म्हणून बरोबरच होता तो. पण तासभर बसून त्यांच्या हातात मालाचा एक नवा पत्ता आला नाही, शेवटी फासे खाली ठेवले, "मले तं काहीच भेटून नाई रायलं बाप्पा, खेळा तुमी" म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. चिठ्ठीवर लागलं, फसला.

चूक समजावणाऱ्याची होती, म्हणजे माझी. दोन फासे 36 प्रकारे पडतात, त्यात 7 सहा प्रकारे येतो, 6 आणि 8 पाच-पाच प्रकारे, पण 2 आणि 12 फक्त एकेका प्रकारे, आणि आकड्याखालचे ठिपके नेमकं हेच सांगतात. हे मी बोललोच नव्हतो. पुढच्या वर्षी आधी ठिपके दाखवले, मोठेबाबांनी 6 आणि 8 धरले आणि मग त्यांचा सौदा बघावा, "दोन मेंढ्या देतो, वीट दे, नाई तं राहू दे" म्हणून हात मागं घ्यायचे. आयुष्यभर कापूस विकलेला माणूस आहे, भाव पाडून देत नाही. आज कॅटन आमच्या घरातला सगळ्यात लाडका गेम आहे.

दुसरं कारण भाषा. कोडनेम्समध्ये 25 शब्द 5 बाय 5 मांडायचे, एका शब्दाच्या इशाऱ्यावरून आपल्या टीमचे शब्द ओळखायचे. मांडणी झकास, पण शब्द सगळे इंग्रजी, त्यामुळं दोघं-तिघंच खेळायचे आणि बाकीचे मोबाइल घेऊन बसायचे. उपाय फुकटात होतो. जुन्या लग्नपत्रिका कापा, एक बाजू कोरी असते, त्यावर मराठी शब्द लिहा. कोणते शब्द कोणत्या टीमचे हे दाखवणारं कार्ड डब्यातलंच वापरा, त्यावर नुसते रंग आहेत. आम्ही वखर, झूल, तवा, संत्रा, पऱ्हाटी असे दोनशे शब्द केले. एका डावात भाचीनं इशारा दिला, "चूल, दोन", म्हणजे चुलीशी जुळणारे दोन शब्द शोधा. तवा लगेच निघाला, दुसरा कोणालाच सापडेना. आई बाजूला तूरडाळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पऱ्हाटी. अजून काय पेटवता तुमी चुलीत?" दुसऱ्या डावाला डाळ निवडायचं सुपडं बाजूला ठेवून ती स्वतः बसली.

नियमही तपासा. मोनोपॉली आमच्याकडे कधी संपायचाच नाही. पुस्तिका नीट वाचली तर कळलं की जागा घ्यायची नसेल तर तिचा लगेच लिलाव करायचा असतो, आणि फ्री पार्किंगच्या चौकटीवर पैसे जमा करायचा नियम त्यात नाहीच. आपण मनानं घुसवलेले नियम काढले की डाव बराच लवकर उरकतो.

आमच्या इकडची एक खास परीक्षा म्हणजे कूलर. कागदी नोटा आणि हलके पत्ते त्या वाऱ्यात घरभर उडतात, असले गेम हिवाळ्यासाठी ठेवा. अझूलच्या टाइल्स जागच्या हलत नाहीत, त्यावर अक्षरही नाही, दोन ते चार जण कोणीही बसा. भर उन्हाळ्यातल्या दुपारी माझी पहिली पसंती तोच.

एवढं करूनही जो जमला नाही त्याला एक शेवटचा डाव द्या आणि मग मन घट्ट करून काढा. माझा सगळ्यात महाग गेम असाच गेला, पुतळ्यांनी भरलेला मोठा डबा, पण चार पक्के खेळणारे आणि सलग चार तास लागायचे, आमच्या घरात दर तासाला कोणीतरी उठतंच. भाच्याला दिला, नागपूरला होस्टेलवर त्याच्यासोबतची पोरं दर रविवारी मांडतात. बुद्धिबळ मात्र पडून असलं तरी काढू नका. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या पुतणीनं त्याच आठवड्यात धूळ झटकून पट मागितला.

जे ठेवायचे ते पाऊस लागायच्या आत बंद करा. पत्त्यांना रबर बँड लावू नका, उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो, सुती दोरा बांधा. बुटांच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात त्या प्रत्येकात एकेक टाका, कॅरम भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आणि दिवाणात सगळ्यात वर तोच गेम ठेवा ज्याला सगळ्यांनी लगेच हो म्हटलं होतं.