कोकणातल्या मुलाने रेटिंग स्पर्धांत उतरताना

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबाचा एकही नॉर्म (त्यासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नव्हता. जेतेपदाबरोबर किताब थेट मिळाला. अशी वाट क्वचितच कुणाला मिळते. बाकीच्यांना २५०० रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) आणि एकूण २७ डावांचे नॉर्म, म्हणजे साधारण तीन स्पर्धांत प्रत्येकी २६०० च्या तोडीचा खेळ, करूनच तिथे पोचावे लागते. त्याआधी सगळ्यांचा पहिला उंबरठा १४०० रेटिंगचा. दापोली, चिपळूण, कुडाळच्या मुलांना बुद्धी कमी पडत नाही, लांब डाव कमी पडतात. मोबाईलवर दिवसाला तीस डाव होतात. रेटिंग असलेल्या माणसासमोर चार तास बसायला मिळते ते वर्षातून मोजके दिवस, आणि तेही बहुतेक वेळा मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर नाहीतर गोव्यात. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेची पुरेपूर वसुली करता आली पाहिजे.

पहिल्या रेटिंगचा हिशेब आधी समजून घ्या. रेटिंग असलेल्या किमान ५ प्रतिस्पर्ध्यांशी डाव व्हावे लागतात, आणि ते २६ महिन्यांत वेगवेगळ्या स्पर्धांतून जमवले तरी चालतात. बिनरेटिंगच्या मुलाविरुद्धचा विजय यात धरत नाहीत. समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेला गुणही नाही. मार्च २०२४ पासून या हिशेबात १८०० रेटिंगचे दोन काल्पनिक प्रतिस्पर्धी मिळवतात आणि त्यांच्याशी बरोबरी झाली असे मानतात. समजा पाच जणांची सरासरी १५५० आहे आणि मुलाने २ गुण केले. सात जणांची सरासरी १६२१ येते, गुण ७ पैकी ३ होतात, त्याबद्दल तक्त्यातून ५० वजा होतात आणि रेटिंग लागते १५७१. त्यानंतर १८ वर्षांखालील मुलाचा गुणक (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा) ४० असतो (रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत). तितक्याच रेटिंगच्या खेळाडूशी एक हार झाली की २० गुण जातात. रेटिंग लागल्यावर दोन-तीन स्पर्धांत ते घसरले म्हणून घरात सुतक धरू नका. याच गुणकामुळे ते तितक्याच वेगाने वर येते.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी आणि फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) क्रमांक काढताना नावाचे स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळवून घ्या. वयोगटासाठी वय १ जानेवारीला धरतात.

सभागृहात नवी मुले डाव हरतात ती बऱ्याचदा चालीमुळे नव्हे, सवयीमुळे. घरी प्यादे शेवटच्या घरात गेले की उलटा हत्ती ठेवून त्याला वजीर म्हणतात. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्यायचा. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला लावला तर हत्तीच हलवावा लागतो. चाल ज्या हाताने केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. नियमबाह्य चाल पहिल्यांदा झाली तर समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात, दुसऱ्यांदा झाली की डाव गेला. खिशात मोबाईल सापडला तर मात्र पहिल्यांदाच डाव जातो, बंद असला तरी.

तीनदा तीच स्थिती येत असेल आणि बरोबरी हवी असेल, तर ती चाल पटावर करायची नाही. आधी स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचे, पंचांना बोलवायचे. उत्साहाच्या भरात चाल करून टाकली की त्या वेळचा हक्क गेला. लिहिताना 'के' हे अक्षर राजाचे, घोड्याचे 'एन'. ही गल्लत झाली तर दावा तपासताना कागद निरुपयोगी ठरतो. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद अशी वेळ असेल तर शेवटच्या पाच मिनिटांतही लिहिणे बंद करता येत नाही.

लिहितानाच दर चार-पाच चालींनी घड्याळातली उरलेली वेळ बाजूला टिपा. हीच खरी वसुली. घरी आल्यावर दिसते की चौदाव्या चालीला २५ मिनिटे गेली आणि तिसाव्या चालीची चूक चाळीस सेकंदांत झाली. दोष ओपनिंगचा (सुरुवातीच्या चालींचा) नसतो, वेळेच्या वाटपाचा असतो, आणि तो इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) दाखवत नाही. डाव तपासायचा तो आधी इंजिनशिवाय, पट मांडून, त्या वेळी काय वाटले होते ते शब्दांत लिहून. नंतर इंजिन लावायचे. गुकेशला प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे इंजिनपासून लांब ठेवले; तो १२ व्या वर्षी ग्रँडमास्टर आणि १८ व्या वर्षी विश्वविजेता झाला. कोकणात प्रशिक्षक ऑनलाइनच भेटतो, त्यामुळे असे लिहिलेले डाव त्याच्या हाती देणे जास्तच गरजेचे.

पाऊस अभ्यासाचा. पावसाळ्यात कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते आणि घाटात दरड कधी येईल याचा भरवसा नसतो. सकाळच्या फेरीसाठी त्याच दिवशी निघू नका, आदल्या रात्री पोचा; नाहीतर फेरीही गेली आणि रेटिंगचा डावही. या चार महिन्यांत अंतिम डाव (पटावर मोजकी मोहरी उरल्यावरचा खेळ) करा, विशेषतः हत्ती-प्याद्याचे. फिलिडोर बचावात (समोरच्याकडे हत्ती आणि प्यादे, आपल्याकडे फक्त हत्ती) हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर धरून ठेवायचा. प्याद्याने ती रांग गाठली की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह द्यायचे. मुले शह घाईने द्यायला लागतात. प्यादे मागेच असते आणि समोरचा राजा त्याच्या पुढे जाऊन आडोसा घेतो. एवढे एक जमले तरी हरलेले कितीतरी डाव अर्ध्या गुणावर येतात.

सावंतवाडीचा लाकडी पट सुंदर दिसतो, पण सराव त्यावर नको. ९.५ सेंटिमीटर उंचीचा राजा, ५ ते ६ सेंटिमीटरची घरे, वजनदार प्लास्टिकची मोहरी आणि गुंडाळता येणारा पट घ्या. दमट हवेत लाकूड फुगते. मोबाईलच्या पटावर वाढलेल्या मुलाला खऱ्या पटावर दूरचा उंट दिसत नाही, म्हणून कोडीसुद्धा मोहरी मांडून सोडवा.

मे महिन्यात आंबा आणि स्पर्धा एकदमच येतात. बागेवर माणूस हवा असतो, म्हणून कोणत्या दोन स्पर्धांना कोण सोबत जाणार हे मार्चमध्येच ठरवा.

शाळेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली. विश्वनाथन आनंदने ग्रँडमास्टर होऊनही वाणिज्य शाखेची पदवी घेतली. दहावीला रेटिंग २००० च्या आसपास नसेल तर शाळा सोडण्याचा विषय काढू नये. पंच आणि प्रशिक्षक होण्यासाठी फिडेचे अभ्यासवर्ग आहेत, त्यासाठी किताब लागत नाही. रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि शालेय क्रीडा स्पर्धांमुळे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. या सगळ्यासाठी मूळ प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते मिळाल्या दिवशीच स्कॅन करा आणि मूळ प्रत हवाबंद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. एका पावसात बुरशी धरली की शिक्का वाचता येत नाही.