फुटबॉल क्लबमध्ये मुलांची सुरक्षितता: पालकांनी काय विचारावे, क्लबने काय करावे

गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, उन्हाळी फुटबॉल शिबिराचा फलक लागला की पालक फी आणि वेळ विचारतात. सरावानंतर मूल कोणाच्या ताब्यात असते, हे सहसा कोणी विचारत नाही. सर ओळखीचे आहेत, ही पुरेशी हमी नव्हे. नियम लेखी असावेत आणि ते सर्वांत चांगल्या प्रशिक्षकालाही लागू असावेत, कारण खोट्या संशयापासून त्याचेही रक्षण त्यांनीच होते.

प्रवेशापूर्वी प्रत्येक प्रशिक्षकाची आणि मदतनीसाची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारावे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालील पोक्सो नियम, 2020 नुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना, आणि त्यात क्रीडा अकादम्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, आपल्या कर्मचाऱ्यांची अशी पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते. प्रशिक्षणाचा परवाना खेळ शिकवण्याची पात्रता सांगतो, चारित्र्य नव्हे.

खरी परीक्षा सराव संपल्यावर असते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मैदान रिकामे होते, आणि एखादा मुलगा बूट हातात घेऊन फाटकाशी रिक्षावाल्या काकांची वाट पाहत राहतो. अशा वेळी सरांनी त्याला एकट्याला दुचाकीवर घरी सोडणे ही मदतच वाटते. तरीही शेवटचे मूल जाईपर्यंत दोन प्रौढांनी थांबावे, पालकांना फोन करावा आणि मूल कोणाच्या स्वाधीन केले, याची वहीत नोंद ठेवावी. प्रशिक्षकाचे मुलाला जाणारे संदेश पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. बाहेरगावच्या स्पर्धेत प्रशिक्षकाने मुलांच्या खोलीत मुक्काम करू नये, आणि मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असावी. मुलग्यांना धोका नसतो, हा समज मात्र सोडून द्यावा. पोक्सो कायदा 18 वर्षांखालील प्रत्येक बालकासाठी आहे.

मैदानावरच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत: हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधावेत, एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी सराव ठेवू नये, आणि डोक्याला मार लागून चक्कर किंवा उलटी झालेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा न खेळवता डॉक्टरांकडे न्यावे.

मुलाने काही सांगितलेच, तर शांतपणे ऐकावे, ‘तू आधी का बोलला नाहीस?’ असे विचारू नये, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. क्लबची बदनामी नको म्हणून समिती नेमून प्रकरण आपापसांत मिटवणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. परंतु लैंगिक गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच पोक्सोच्या कलम 21 नुसार गुन्हा असून, संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा 112 वर कळवावे. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. मुलाचे नाव पालकांच्या ग्रुपवर येऊ देऊ नये.

चौकीची पायरी चढावी लागेल, या भीतीने अनेक पालक मागे हटतात. वास्तविक जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असावी, अशी तरतूद कायद्यातच आहे. पालकांनी तसा आग्रह धरावा.