पिकअपची वायरिंग: पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

पहाटे तीनला माल घेऊन निघायचे, किल्ली फिरवली आणि नुसताच ‘टक’ आवाज आला. किंवा घाटात चेक लाइट पेटला आणि गाडीची ओढच गेली. गॅरेजमध्ये याचे उत्तर बहुधा ठरलेले असते: सेन्सर गेला, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेला. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये सेन्सर भरपूर आहेत हे खरे, पण दोष पुष्कळदा त्यांच्या आधीच तीन जागी सापडतो: बॅटरीच्या टर्मिनलवर, अर्थच्या (निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्या वायरीच्या) बोल्टखाली, नाहीतर नंतर कोणीतरी जोडलेल्या वायरीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १० नंबरचा पाना असला की या तिन्ही जागा मालकाला स्वतः तपासता येतात. हजारो रुपयांचा पार्ट मागवण्याआधी तेवढे करावेच.

बॅटरीचे तीन आकडे

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावरचा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा आकडा सेल्फ (स्टार्टर मोटर) मारतानाचा. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने मीटर पाहायचा. ९.६ च्या खाली जाता कामा नये. उभ्या गाडीत १२.६ आणि सेल्फ मारताना ८ असेल, तर बॅटरीचा एखादा सेल बसला आहे. कितीही चार्ज केली तरी ती पुन्हा दगा देणार. याउलट सेल्फ फिरतच नाही आणि मीटर १२ च्या आसपास हलत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिच्याकडून करंट कोणी मागितलेलाच नाही.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून थोडा रेस द्या. १३.८ ते १४.५ मिळाले की डायनामो चार्ज करतोय. सतत १५ च्या वर गेले तर डायनामोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. मात्र सिग्नलला आपोआप बंद पडून क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्यांमध्ये डायनामोचे चार्जिंग ईसीएम ठरवतो. तिथे मध्येच १२.८ दिसले म्हणून डायनामो उतरवायला घेऊ नये. लाइट लावून पुन्हा मोजावे. अशा गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. स्वस्त पडते म्हणून साधी बॅटरी बसवली की ती लवकरच मान टाकते, आणि मग बोल लागतो डायनामोला.

आणखी एक चाचणी वायरमन फार कमी करतात. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर आणा आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर डायनामोतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब आहे. असा डायोड दिवसा चार्जिंग कमी करतो आणि रात्री बॅटरी उलट पितोही.

डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी सवय मात्र कायमची सोडा. ॲम्बेसेडरच्या जमान्यात ते खपून गेले. आज बॅटरी सुटली की डायनामोचा व्होल्टेज क्षणात कितीतरी पटीने उसळतो आणि तो झटका थेट ईसीएम खातो. कोणी तसे करायला लागला तर हात धरून थांबवा.

टर्मिनल आणि अर्थ

सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर आणि दुसरी त्याच खुंट्यावरच्या क्लॅम्पवर धरा. आकडा शून्याजवळ हवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर मधे घाण आहे, वरून कितीही चकचकीत दिसो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पांढरी-हिरवी बुरशी धुवा, पण ते पाणी झाकणातून बॅटरीत जाऊ देऊ नका. खुंटा आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह आवळा, आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग क्लॅम्प, हा क्रम चुकीचा.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी जाड पट्टी लागते. ही पट्टी गंजली की सेल्फचा एवढा मोठा करंट दुसरी वाट शोधतो, कधी क्लच केबलमधून, कधी एखाद्या बारीक वायरीतून. केबल विनाकारण गरम लागत असेल तर हे कारण आधी पाहा. मोजायला सोपे आहे: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपर्यंत चालेल, अर्धा व्होल्ट आला तर पट्टीची दोन्ही टोके खोला, रंग-गंज घासून धातू उघडा करा आणि पुन्हा आवळा. पॉझिटिव्ह खुंट्यापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही असेच मोजा; तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत सूट.

मागच्या दिव्यांचा अर्थ हा पिकअपचा खास आजार. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, पार्किंग लावले की ब्रेकचा दिवा मंदपणे पेटतो, एक बाजू लावली तर दुसरी बाजूही लुकलुकते. असला भुताटकीचा खेळ दिसला की बल्ब बदलत बसू नका. दिव्यातून परत जायला करंटला नीट वाट नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून निघून जातो. दिव्याची अर्थ वायर चॅसीला जिथे बोल्टने लावली आहे ती जागा घासून काढा. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत हे वर्षातून दोनदा करावे लागते. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटीतून थेट मागच्या कनेक्टरवर ठिबकते आणि तांब्याची आतून हिरवी पूड होते. वायर वरून शाबूत दिसते, पण ओढली की हातात येते. अशी वायर काळी-हिरवी पडलेली असेल तिथपर्यंत कापा. त्यावर डाक धरत नाही.

कोड काय सांगतो

बरेचसे सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. अर्थ पाव-अर्धा व्होल्ट वर उचलला गेला तर चांगला सेन्सरही खोटे सांगतो आणि ईसीएम त्याच्यावर दोष ठेवतो. म्हणून स्कॅनर लावल्यावर सगळे कोड, म्हणजे ईसीएमने नोंदवलेले दोषांचे क्रमांक, कागदावर लिहून घ्या, पुसा, गाडी चालवा आणि कोणता परत येतो ते पाहा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम आले तर पाच-सहा सेन्सर एकदम मेलेले नसतात. पी०५६२ हा सरळच कमी व्होल्टेजचा कोड आहे. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे ईसीएमसारख्या कंट्रोल युनिटांचे आपसातले बोलणे तुटले.

ते बोलणे चालते कॅनच्या दोन पिळलेल्या वायरींवर. तपासायचे तर बॅटरीचे निगेटिव्ह काढा आणि डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत सुमारे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. या वायरींवर किंवा सेन्सरच्या वायरीवर बल्बचा टेस्टर कधीही लावू नका. तो ओढतो तेवढा करंट त्यांना झेपत नाही.

धान्य, भाजी, पशुखाद्य वाहणाऱ्या गाडीत उंदीर येणारच. सेन्सरचा कोड वारंवार येत असेल तर बोनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी आधी शोधा. जोडताना सगळे सांधे एकाच जागी घेऊ नका, पुढे-मागे घ्या. डाक देऊन वर हीट-श्रिंक नळी चढवा. कॅनची जोडी जोडली तर पीळ पुन्हा घाला.

रात्रीत बॅटरी उतरते

रोज फिरणाऱ्या दुधाच्या गाडीत हा दोष लपून राहतो. हंगाम संपून गाडी आठ दिवस उभी राहिली की बाहेर येतो. हिशोब असा: ६० अँपिअर-अवरची बॅटरी आणि ३०० मिलिअँपिअरची गळती. दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, चार दिवसांत बॅटरी अर्धी.

मोजण्यासाठी किल्ली काढून लांब ठेवा. दरवाजाचे आणि बोनेटचे लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला सगळे बंद आहे असे वाटेल. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून निगेटिव्ह खुंटा आणि त्याची केबल यांच्यामध्ये मीटर जोडा. अर्धा तास थांबा, कारण युनिट झोपायला वेळ घेतात. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले तर घाबरू नका. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आले पाहिजे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या लाइनवर चोर आहे. फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर डायनामोची जाड वायर सोडून बघा.

चोर बहुतेक वेळा बाहेरचाच निघतो: थेट बॅटरीवर घेतलेला जीपीएस, किल्लीशिवाय चालणारा टेप, केबिनमधला पंखा, चार्जर.

नंतरची जोडणी

वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळणे ही बहुतेक रोगांची सुरुवात. त्यातही हेडलाइट. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १०० वॉटचे दोन बसवले की २०० भागिले १२ म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर त्या बारीक वायरीतून आणि स्विचमधून जातात. होल्डर वितळतो, मग कॉम्बिनेशन स्विच जळतो. उजेडच हवा असेल तर ६०/५५ च ठेवा आणि डिप्पर-अप्परला वेगवेगळा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. प्रत्येक रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्ब, ८६ ला हेडलाइटची जुनी वायर आणि ८५ ला अर्थ. मूळ बल्बसुद्धा डोळ्यांना जाणवेल इतके पांढरे पेटतात.

इंडिकेटरला एलईडी लावले आणि ते घाईघाईने लुकलुकायला लागले, तर गाडीला बल्ब गेल्यासारखे वाटते आहे. प्रत्येक दिव्याला ६ ओहम ५० वॉटचा रेझिस्टर समांतर लागतो. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिकवर नाही, पत्र्यावर बसवा. खरे तर साधा बल्बच बरा.

हौद्याला जाळी किंवा हूक वेल्डिंग करताना बॅटरीचे निगेटिव्ह काढा, ईसीएमचे कनेक्टर सोडा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. क्लॅम्प इंजिनला लावून मागे वेल्डिंग केले की करंट बेअरिंगमधून आणि युनिटांमधून जातो.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो

तांबडा १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. जो रंग होता तोच लावा. १० च्या जागी २० लावला तर पुढच्या वेळी फ्यूज नाही, वायर जळेल. शॉर्ट शोधायला गेलेला फ्यूज काढून त्याच्या जागेच्या दोन पिनांवर २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब जोडा. त्या लाइनवरचे दिवे, मोटर, टेप सगळे सोडवा. तरी बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. आता वायरिंग एकेक हात हलवत चला. जिथे हात लावताच बल्ब विझेल तिथे वायर सोललेली आहे. चॅसीच्या कडा आणि हौद्याखालच्या क्लिपा आधी पाहा.

सेल्फला ‘टक’

सलग टक-टक-टक म्हणजे बॅटरी उतरली किंवा टर्मिनल सैल. एकच जोरदार टक आणि शांतता, तर सेल्फचे कॉन्टॅक्ट किंवा जाड केबल. काहीच आवाज नाही, तर किल्ली फिरवून सेल्फच्या बारीक वायरीवर मोजा. १०.५ व्होल्टच्या वर येत असूनही सेल्फ हलला नाही तर सेल्फ उतरवा. व्होल्टेजच येत नसेल तर क्लच पेडलचा स्विच, रिले, किल्लीची चिप असा क्रम लावा. रिले तपासायला फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा. ब्रेक पेडलचा स्विचही विसरू नका: त्यातले दोन कॉन्टॅक्ट जुळले नाहीत तरी चेक लाइट लागतो.

रस्त्यात अडकलात तर जंपर केबल अशी लावा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी पडते आणि बॅटरीवर हायड्रोजन असतो. निगेटिव्ह खुंट्यावर सेन्सर असलेल्या गाडीत तर काळी खुंट्याला लावूच नये. सुरू झाल्यावर उलट क्रमाने काढा. पार उतरलेली बॅटरी मात्र डायनामोवर भरायला सोडू नका. ती चार्जरवर लावा: ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला ६ अँपिअर, दहा-बारा तास, आणि सकाळी पुन्हा पहिला आकडा मोजा.