उलट्या पाण्यात राफ्ट घालायची कशी

पंचगंगेला पाणी वाढलं की आम्ही कोल्हापूरकर गाडी काढून पाणी बघायला जातो. "आज किती फूट?" विचारतो. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे तर लहान पोरांनाही पाठ असतं. भजी खातो आणि घरी येतो. पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक करा. नदी अजून पात्रात असताना शिवाजी पुलावरून खांबांच्या खालच्या अंगाला बघा. अख्खी नदी खाली चाललेली असते आणि खांबाच्या आडोशाला मात्र एखादी बाटली, जलपर्णीचा गड्डा, कुणीतरी सोडलेला नारळ हळूहळू उलटा वर येत असतो. खांबाला नाक लावतो, कडेला सरकतो, धारेत सापडतो आणि सुसाट खाली जातो. कधी कधी तोच नारळ पुन्हा आडोशाला शिरून वर येतो.

ते उलटं पाणी म्हणजे राफ्टिंगवाल्यांची एडी. पाणी खांबाला किंवा दगडाला धडकून दोन्हीकडून फुटतं, मागं पातळी जराशी खाली बसते आणि ती भरून काढायला खालचं पाणी वर वळतं. बस्स, एवढंच. पण सगळी विद्या त्यावर उभी आहे. राफ्टला ब्रेक नसतो. नदीत थांबायचं असेल, पुढचं बघायचं असेल, मागून येणाऱ्या बोटीची वाट बघायची असेल, पडलेल्याला उचलायचं असेल, तर हीच जागा.

शब्दाचं म्हणाल तर आपल्याकडं तो जरा अवघडच आहे. ऋषिकेशच्या वर गंगेवर आमचा गुरू पहिल्या दिवशी "एडी पकडो!" म्हणून ओरडला, तेव्हा आम्ही तिघं कोल्हापूरचे हसून हसून हातातली कामं सोडून बसलो. तेवढ्यात एडी मागं गेली आणि पुढचा अर्धा किलोमीटर थांबायला जागा मिळाली नाही. गुरू नेपाळी, सगळे त्याला दाजू म्हणायचे. तिकडं दाजू म्हणजे थोरला भाऊ. आम्ही दाजी समजून आठवडाभर त्याला जावयाचा मान दिला.

माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं. सहा जणांनी छोटी वल्ही मारायची आणि मागं गाईडनं ओरडायचं, ते राफ्टिंग तुम्ही कोलाडला केलं असेल. मी सांगतोय ते वेगळं. राफ्टच्या मधोमध लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची फ्रेम, तिच्यावर एक माणूस, आणि दोन्ही हातांत दोन लांब वल्ही. मोठ्या मोहिमांत सामानाची बोट अशीच चालवतात. बोट एकट्याच्या ताब्यात असते, त्यामुळं चूक झाली तर बोट दाखवायला दुसरं कुणी नसतं.

फ्रेमबद्दल लांबण लावत नाही, धंदा असल्यामुळं लावू शकलो असतो. चौदा फुटी राफ्टला नऊ-दहा फुटांची वल्ही चालतात. वल्ह्याचा एक तृतीयांश भाग आत, दोन तृतीयांश बाहेर. दोन्ही मुठी समोर आणल्या तर मधे चार बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर बोटं चेंगरतात. आणि फ्रेम स्वतः बनवणार असाल तर प्रत्येक कोपरा, प्रत्येक वेल्ड ग्राइंडर मारून गुळगुळीत करा. माझ्या पहिल्या फ्रेमच्या एका खरबरीत टोकानं राफ्टची हवा भरलेली ट्यूब घासून काढली होती. नशीब, तळ्यातच कळलं.

सुरुवात संथ पाण्यात करा. हिवाळ्यात बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पंचगंगेचं पाणी तुंबून तळ्यासारखं होतं, तसलं पाणी. बसायचं ते तोंड पुढं करून, म्हणजे नदी जिकडं जाते तिकडं बघत. आता मुख्य गोष्ट. वल्ही पुढं ढकलली की बोट पुढं जाते, पण त्यात नुसते दंड लागतात. वल्ही स्वतःकडं ओढली की बोट मागं जाते, आणि त्यात पाय, कंबर, पाठ सगळं लागतं. म्हणून राफ्टचा खरा जोर मागं जाण्यात आहे. हे डोक्यात बसायला मला चार दिवस लागले. गाडी चालवणाऱ्या माणसाला संकट दिसलं की तो पुढून वळवून काढायला बघतो. इथं संकटाकडं तोंड करायचं आणि मागं ओढायचं.

पातं पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच घाला. खोल घातलं तर जोर वाया जातो आणि खालचा दगड लागला तर मूठ छातीवर येते. उजवं ओढलं आणि डावं ढकललं की तोंड उजवीकडं फिरतं, उलट केलं की डावीकडं. हे विचार न करता व्हायला पाहिजे. मी काठावरचं एक झाड धरून बोट जागच्या जागी गरागरा फिरवायचो आणि पाहिजे तिथं थांबवायचो. बघणारी पोरं म्हणायची, "काका, अडकलासा काय?"

मग वाहतं पाणी. इथं ताकदीचा भ्रम आधी सोडा. आमच्यातला एक जण तालमीतला, शंभर किलोचा गडी. त्याला वाटायचं, ओढलं की बोट येणार. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं हे आपण पेपरात दरवर्षी वाचतो. त्याचा हिशेब मी त्याला शेडमधल्या पाटीवर करून दाखवला: एका क्युसेकला सेकंदाला २८ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस टन पाणी. असे दरवाजे सात. त्याच्याशी कुस्ती धरून काय उपयोग? शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

मग बोट सरकते कशी? कोनामुळं. बोट धारेला सरळ ठेवून ओढली तर नुसती हळू होते. धारेच्या रेषेशी तीस-पंचेचाळीस अंशांत तिरकी ठेवून ओढली की हळूही होते आणि आडवीही सरकते. शेपूट ज्या काठाकडं, बोट त्या काठाकडं. कोन आधी, जोर नंतर. दाजूचं हे एकच वाक्य मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, कामगारांना वाटतं वेल्डिंगबद्दल आहे.

आता एडी. समजा उजव्या काठाला मोठा दगड आहे आणि त्याच्या मागं उलटं पाणी.

लांबूनच ठरवा. समजा पाणी सेकंदाला तीन मीटर चाललंय आणि तुम्ही ओढून सेकंदाला एक मीटर आडवे सरकता. दहा मीटर सरकायचं असेल तर दहा सेकंद लागतात, तेवढ्यात नदी तीस मीटर पुढं गेलेली असते. दगड शेजारी आल्यावर ओढायला लागलात तर हात हलवून त्याला निरोप द्यायचा, दुसरं काही नाही. नव्या माणसाच्या दहातल्या नऊ एड्या इथंच सुटतात.

तोंड डावीकडं, शेपूट उजवीकडं आणि जरा वरच्या अंगाला. ओढायला लागा. मान वळवून खांद्यावरून दगडाकडं बघत राहा. दगड आणि त्याच्या मागचं काठावरचं झाड यांची रेषा बघा. दगड झाडावरून सरकत असेल तर तुम्ही त्याच्या बाजूनं निघताय. दोन्ही एकमेकांना चिकटूनच राहिले आणि दगड नुसता मोठा होत गेला, तर तुम्ही थेट त्याच्यावर चाललाय. तावडे हॉटेलपाशी हायवेवर चढताना मागच्या ट्रकचा अंदाज घेता ना, तसंच.

आत शिरायचं ते दगडाला जवळजवळ घासून, अगदी वरच्या टोकाला. तिथं उलटं पाणी जोरकस असतं आणि धार आणि आडोसा यांच्यातली रेघ धारदार. खाली जाल तसतशी ती रेघ पसरते, पाणी उकळल्यासारखं फुगतं, बोट धड इकडं नाही धड तिकडं. मोठ्या पाण्यात ही रेघ नुसती रेघ राहत नाही, धार वर आणि आडोसा खाली असा हातभर उंचीचा बांधच तयार होतो.

शेपूट रेघेपलीकडं गेलं की बोटीला हिसका बसतो. शेपटाला पाणी वर नेतं, तोंडाला धार खाली नेते, बोट गर्रकन फिरते. नव्या माणसाला इथं वाटतं, पोहोचलो, आणि तो हात सैल सोडतो. पहिल्या दिवशी मी हे सहा वेळा केलं. अर्धी बोट आत, अर्धी बाहेर, आणि धार तोंडाला धरून तुम्हाला परत ओढून नेते. तोंड रेघेच्या आत येईपर्यंत ओढा. तीन जास्तीचे ओढे मारा. फुकट गेले तर गेले. मग वल्ही टेकवून श्वास घ्या, बोट आपोआप दगडाच्या पाठीशी जाऊन उभी राहील. आजूबाजूला सगळं गर्जत असतं आणि तुमच्या बोटीखाली पाणी डबक्यासारखं. हा अनुभव सांगून कळत नाही.

माझी बरगडी दुसऱ्या मोसमात दुखावली. एडी सुटली म्हणून चिडून, दगडाच्या खालच्या अंगाला उशिरा वल्हं घातलं. पातं दोन दगडांच्या फटीत बसलं, बोट चाललेली, मूठ आली छातीवर. त्यापेक्षा सुटली तर सुटू द्यायची. तोंड सरळ करा आणि पुढची शोधा. आणि अरुंद जागेतून जाताना वल्ही आधीच आत घ्या.

एडीतून बाहेर पडणं सोपं समजू नका. रेघेवर आडवे रेंगाळलात तर धार वरच्या बाजूची ट्यूब दाबते आणि बोट कलंडते. शिकत असताना आडोशाच्या खालच्या टोकापर्यंत सरका, तोंड खाली आणि जरा धारेकडं ठेवा, आणि चार-पाच दणदणीत ढकल्यांत बाहेर पडा. वरच्या टोकाची घाई नको.

पाणी वाचायचं ते बोटीतून नव्हे, काठावरून. खाली निमुळता होत जाणारा गुळगुळीत व्ही दिसला तर ती वाट. टोक वर असलेला व्ही दिसला तर त्या टोकाला दगड. नदीची कडच दिसेनाशी झाली, पुढं नुसते तुषार उडताना दिसले, तर थांबा, उतरा, चालत जाऊन बघा. गंगेवर ब्यासीजवळचा 'द वॉल' हा चौथ्या श्रेणीचा रॅपिड, म्हणजे फेसाळ पाण्याचा अवघड टप्पा, आम्ही पहिल्या वर्षी काठावरून बघितला, चहा प्यायलो आणि पुढं चालत गेलो. लाज वाटली नाही.

बोट आडवी होऊन दगडावर बसायला लागली तर सगळ्यांनी दगडाकडं झेपायचं. मन सांगतं लांब पळा, पण लांब पळालात की वरची ट्यूब बुडते, पाणी चढतं आणि राफ्ट दगडाला चपातीसारखी गुंडाळली जाते. पडलात तर उताणे, पाय पुढं, पायाची बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दगडात अडकला की पाणी माणसाला तोंडावर पाडून वर बसतं. आम्ही पाठीला डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकलेले, घाटावरून उड्या मारलेले. ते पोहणं इथं निम्मंच कामाला येतं, फेसाळ पाण्यात हवाच एवढी असते की ते माणसाला उचलत नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे दुसऱ्याकडून ओढून घ्या. हेल्मेट शेवटपर्यंत.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. हे वाचून कुणी पावसाळ्यात ट्यूब घेऊन बंधाऱ्याखाली जाणार असेल तर त्याला धरून ठेवा. केटी म्हणजे कोल्हापूर टाइप, बंधाऱ्याला आपलंच नाव आहे. त्याच्यावरून पाणी पडतं तेव्हा खालीही पाणी उलटं येताना दिसतं, पण ती एडी नव्हे. दगडामागचं पाणी आडवं फिरतं आणि खालच्या टोकाला तुम्हाला सोडतं. बंधाऱ्याखालचं पाणी उभं फिरतं, वरून खाली, खालून वर, भिंतीकडं, या काठापासून त्या काठापर्यंत सलग. बाहेर पडायला फट नसते. पाणी शांत दिसतं म्हणून माणूस फसतो. आणि बंधाऱ्यावरून पाणी जात नसेल, पण बर्गे काढलेले असतील, तेव्हा खांबांच्या मधल्या गाळ्यांत अडकलेला कचरा माणसाला चाळणीसारखा अडकवतो. पाणी जातं, माणूस राहतो.

शिकायला गंगेवरच जा, मोसम सप्टेंबरअखेर सुरू होतो, पावसाळ्यात बंद. आधी कोलाडच्या कुंडलिकेवर हात बसवायचा असेल तर भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेलं पाणी सकाळी मिळतं, ते गाठायला आदल्या रात्री निघावं लागतं. छोट्या वल्ह्यांची राफ्टच मिळेल, पण एड्या त्याच असतात.

जायच्या आधी बोटातली अंगठी काढून घरी ठेवा. मुठी एकमेकींवर आदळतात तेव्हा ती हाताचं बोटच घेऊन जाऊ शकते. माझी लग्नातली अंगठी ब्यासीच्या खाली कुठंतरी गंगेत आहे. बायकोला मी ती शेडमध्ये लेथखाली पडलीय, सापडली की आणतो, असं तीन वर्षं सांगतोय.