फेडरल ग्रँट खर्चताना नगरपालिका आणि काउंटी करतात त्या चुका, आणि त्या कशा टाळायच्या

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात वेस्ट हेवन नावाचं शहर आहे. तिथे कोविडसाठी आलेल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, निधीतून १२ लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम चोरीला गेली. मायकेल डिमासा हा शहराचा कर्मचारी आणि राज्याच्या विधानसभेचा सदस्यही होता. कोविडचा खर्च मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याने एका साथीदाराबरोबर कंपनी काढली. शहराच्या आरोग्य विभागाला सल्ला दिल्याची, पण प्रत्यक्षात न झालेल्या कामाची बिलं ती कंपनी पाठवू लागली आणि शहर ती चुकती करत राहिलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. २०२३ मध्ये त्याला २७ महिन्यांची शिक्षा झाली.

बिल मंजूर होण्याआधी आरोग्य विभागाच्या प्रमुखाकडून 'हे काम आम्हाला मिळालं' एवढी एक ओळ सहीनिशी मागितली असती, तर पहिल्याच बिलाला पाय फुटले नसते. खर्च मागणारा, मंजूर करणारा आणि काम मिळाल्याचं सांगणारा ही वेगवेगळी माणसं हवीत, हे सगळ्यांनाच पाठ असतं. घाई झाली की सगळ्यात आधी सोडून दिलं जातं तेही हेच.

अशा चोऱ्यांची बातमी होते. सिंगल ऑडिटच्या, म्हणजे ठरावीक मर्यादेवर फेडरल पैसा खर्चणाऱ्यांच्या वार्षिक ऑडिटच्या, अहवालात मात्र पानोपानी दिसतात त्या साध्या, कंटाळवाण्या चुका. काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) फायनान्स विभागात काम करणाऱ्या आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी फर्मसाठी या ऑडिटच्या चाचण्या करणाऱ्या मराठी मंडळींनाही त्या ओळखीच्या वाटतील.

तपासलं, पण पुरावा ठेवला नाही

फेडरल पैशातून २५ हजार डॉलर किंवा त्याहून मोठं कंत्राट देण्याआधी, त्या कंत्राटदारावर केंद्र सरकारने बंदी घातलेली नाही ना, हे पाहावं लागतं. मार्ग तीन: सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर नाव शोधा, कंत्राटदाराकडून लेखी प्रमाणपत्र घ्या, किंवा करारात तसं कलम घाला. तिन्हींपैकी एक पुरेसं असतं.

खरेदी विभागातली व्यक्ती बहुतेक वेळा नाव शोधतेच. पण स्क्रीनशॉट घेत नाही, किंवा घेतलेल्या कागदावर तारीख नसते. आठ महिन्यांनी ऑडिटर फाइल मागतो आणि उत्तर मिळतं, "आम्ही नेहमी बघतो." ऑडिटरच्या दृष्टीने नोंद नाही म्हणजे नियंत्रण नाही. युनिफॉर्म गायडन्सच्या, म्हणजे फेडरल ग्रँटच्या नियमावलीच्या (२ सीएफआर भाग २००), कलम ३०३ मध्ये २०२४च्या सुधारणेने तर अंतर्गत नियंत्रणं नुसती उभी करून चालवायची नाहीत, ती लेखी स्वरूपात मांडायची हेही स्पष्ट केलं आहे.

माझं मत विचाराल तर करारातलं कलम हा सगळ्यात सोयीचा मार्ग. कराराच्या मसुद्यात ते एकदा बसलं की कुणाच्या आठवणीवर काही उरत नाही. पर्चेस ऑर्डरवरच काम चालणाऱ्या ठिकाणी मात्र तारीख दिसणारा प्रिंटआउट जोडल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकणार नाही, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करा.

जुनं काही राहून गेलं असेल तर आज तपासा आणि आजचीच तारीख घाला. मागची तारीख टाकणं ही वेगळी आणि फार मोठी भानगड आहे.

पगार बजेटच्या टक्क्याने टाकणं

सामुदायिक विकासाच्या ग्रँटवर एका अभियंत्याचा ६० टक्के पगार धरलेला आहे. पेरोलच्या यंत्रणेत ६० हा आकडा एकदा भरला, आणि वर्षभर दर पंधरवड्याला तेवढा पगार ग्रँटवर पडत गेला. दरम्यान पूर आला, अभियंता चार महिने रस्त्यांच्या दुरुस्तीवर होता. आकडा ६०च राहिला.

नियम सांगतो की पगाराचा बोजा प्रत्यक्ष कामाच्या नोंदींवर आधारलेला हवा. अंदाजाने तात्पुरती नोंद करता येते. पण मग ठरावीक काळाने प्रत्यक्ष कामाशी ताडून फरक दुरुस्त करायला हवा. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. वर्षअखेरीस टाइमशीटचा गठ्ठा साहेबांपुढे ठेवून एका बैठकीत सगळ्या सह्या घेतात, हा तर आणखी एक प्रकार. एकाच शाईतल्या, एकाच दिवशीच्या सह्या ऑडिटरला लांबूनही ओळखू येतात.

दर तिमाहीला पेरोलचा अहवाल आणि टाइमशीट समोरासमोर ठेवून फरकाची जर्नल एन्ट्री करा. एन्ट्रीच्या तपशिलात कारण लिहा. 'दुरुस्ती' एवढाच शब्द असलेली एन्ट्री दोन वर्षांनी कुणालाच उलगडत नाही.

'आमच्याकडे तीनच माणसं आहेत'

ही अडचण खरी आहे, पण सबब म्हणून ती चालत नाही. इलिनॉयमधलं डिक्सन हे जेमतेम १६ हजार वस्तीचं गाव. तिथली कंट्रोलर, म्हणजे हिशेबाची प्रमुख, रीटा क्रंडवेल हिने १९९० ते २०१२ या काळात गावाचे ५ कोटी ३७ लाख डॉलर लाटले. गावाच्या नावाने गुप्त बँक खातं उघडलं, राज्य सरकारच्या नावाची खोटी बिलं बनवली आणि त्या पैशावर प्रदर्शनाचे घोडे पाळले. गावाची टपालही तीच उचलायची, त्यामुळे त्या खात्याचं स्टेटमेंट दुसऱ्या कुणाच्या हाती पडत नव्हतं. २०११ मध्ये ती लांब रजेवर गेली, तिच्या जागी काम पाहणाऱ्या कर्मचारी बाईंनी बँकेकडून सगळी स्टेटमेंट मागवली आणि बिंग फुटलं. २०१३ मध्ये तिला १९ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली. तोवर दरवर्षी ऑडिट होतच होतं, हे विसरू नका. पुढे ऑडिट फर्म आणि बँकेकडून गावाला तडजोडीपोटी सुमारे ४ कोटी डॉलर मिळाले.

डिक्सनमधला पैसा मुख्यतः गावाचा स्वतःचा होता, पण छोट्या कार्यालयाची रचना सगळीकडे तीच. क्रंडवेल विश्वासातली होती, आणि तपासणी तिथेच थांबली. तीन माणसांच्या कार्यालयातही काही गोष्टी जमतात. बँक स्टेटमेंट हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात जाण्याआधी महापौर किंवा कौन्सिलच्या एका सदस्याने पाहावं. आजकाल फक्त पाहण्यापुरता ऑनलाइन प्रवेश देता येतो, म्हणजे लिफाफ्याचाही प्रश्न नाही. नवा विक्रेता यंत्रणेत टाकणारी व्यक्ती आणि चेक काढणारी व्यक्ती वेगळी ठेवा. पैसे हाताळणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून सलग दोन आठवडे रजा घ्यायची आणि त्या काळात त्याचं काम दुसऱ्याने करायचं, हे सक्तीचं करा. याला फारसा खर्च येत नाही. संकोच मात्र आडवा येतो. वीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचं स्टेटमेंट मागायला जीभ रेटत नाही, म्हणून ते काम नियमाने ठरवून दिलेलं बरं.

ग्रँट आली, फायनान्सला कळलंच नाही

पोलिस विभाग एक ग्रँट आणतो, उद्यान विभाग दुसरी, आणि राज्यामार्फत आलेला पैसा मुळात फेडरल आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग फेडरल खर्चाचं वार्षिक परिशिष्ट अपुरं राहतं आणि त्यावर उभं राहिलेलं ऑडिटही. फायनान्सच्या सहीशिवाय कोणत्याही विभागाने ग्रँट स्वीकारायची नाही, असा ठराव कौन्सिलकडून करून घ्या. राज्याकडून पैसा आला की असिस्टन्स लिस्टिंग क्रमांक, म्हणजे त्या फेडरल योजनेचा ओळख क्रमांक, विचारा. तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

इथे सध्या एक गोंधळ वारंवार दिसतो. सिंगल ऑडिटची मर्यादा ७.५ लाखांवरून १० लाख डॉलर झाली, पण १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी. जुलै २०२४ ते जून २०२५ असं वर्ष असलेल्या गावाला त्या वर्षी जुनीच मर्यादा लागू होती. आठ लाख खर्चून 'आम्हाला आता ऑडिट नको' म्हणणारे इथेच फसतात.

खरेदीबाबत थोडक्यात: फेडरल, राज्याचा आणि स्वतःचा, या तीन नियमांपैकी कडक असेल तो पाळायचा. एकच काम तुकडे करून मर्यादेखाली आणू नका, आणि आणीबाणीत निविदा टाळली तर ती आणीबाणी का होती हे त्याच आठवड्यात फाइलवर लिहा. कोविडनंतरच्या राज्य व स्थानिक मदत निधीत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करार वगैरे करून बांधील झालेली रक्कमच ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्चता येते. मोजके अपवाद सोडले तर काम स्वस्तात झालं म्हणून उरलेला पैसा नव्या कामाकडे वळवता येत नाही.

चूक सापडलीच तर

स्वतःला आधी सापडली असेल तर गपचूप उलटी एन्ट्री करून मोकळे होऊ नका. किती रक्कम, कोणत्या काळातली, कशामुळे, हे टिपण तयार करा, तीच चूक इतर ग्रँटवर झाली का ते पाहा, आणि ज्यांच्यामार्फत पैसा आला त्यांना कळवा. शंकास्पद खर्च २५ हजार डॉलरच्या वर गेला की तो अहवालात येतोच. सलग दोन वर्षांचे अहवाल ठरलेल्या निकषांवर उतरले तर शहराला कमी जोखमीचा दर्जा मिळतो आणि ऑडिटरला फेडरल खर्चाचा किमान २० टक्के भाग तपासावा लागतो. तो दर्जा गेला की ४० टक्के.

दुरुस्तीच्या आराखड्यात 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यात येईल' असं लिहिणं ही बहुतेकांची सवय. पुढच्या वर्षी तोच मुद्दा परत येतो, कारण त्या वाक्यात तपासण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: '१ जुलैपासून २५ हजार डॉलरवरील पर्चेस ऑर्डर सॅमचा तारखेसह प्रिंटआउट जोडल्याशिवाय मंजूर होणार नाही. फायनान्स संचालक दर तिमाहीला अशा पाच ऑर्डर तपासून यादीवर सही करतील. जबाबदारी: खरेदी व्यवस्थापक.' पुढच्या वर्षी ऑडिटर त्या चार याद्या मागेल, तेव्हा त्या एकाच फोल्डरमध्ये असू द्या.